पंचवीस टक्क्यांतली मी

डॉक्टरांनी दंडावरचा बीपीचा पट्टा सोडला, यंत्रावरच्या आकड्याकडे बघून नुसतंच "हं" केलं आणि विचारलं, "लहानपणी तुम्हाला काय करायला आवडायचं?"

"झोपायला," मी म्हणाले.

खरं उत्तर तेच होतं. पण त्यांचा चेहरा बघून लक्षात आलं की इथे छंद अपेक्षित आहे. मुलगी बघायला आल्यावर जसं "वाचन" म्हणतात, तशी मी "चित्रकला" म्हणून मोकळी झाले.

"मग झालं तर! रोज अर्धा तास चित्रं काढा. लहान मुलं काढतात तशी. चांगलं आलं की वाईट, बघायचंच नाही."

मार्च तोंडावर आलेला, मी बँकेत कर्जवसुलीच्या खुर्चीत. तिथे चांगलं की वाईट हे बघायचाच पगार मिळतो. पण गोळीपेक्षा खडू बरे, म्हणून मान हलवली.

चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध एलिमेंटरीच्या परीक्षेत आला होता. स्थिरचित्राचा पेपर. टेबलावर तांब्या, दोन वांगी, मागे चुण्या पाडून सोडलेलं कापड. वांगी जमली, कारण वांगं कसंही काढलं तरी वांगंच दिसतं. तांब्याचं तसं नसतं. मधे उभी रेघ मारून दोन्ही कुशी सारख्या आणाव्या लागतात. माझी डावी बाजू सुधारेपर्यंत उजवी फुगायची, उजवी आवळली की डावी खचायची, आणि खोडून खोडून कागदाची साल निघायची. सरावाच्या तासाला आमच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या होत्या, "अगं, तांब्या पडतोय. धर त्याला." वर्ग हसला. परीक्षेतही तांब्या पडलाच. मला 'क' श्रेणी मिळाली. वडिलांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, त्या 'क'ला एक काना दिला आणि विचारलं, "का?"

तर अशा पूर्वपुण्याईवर मी स्टेशनरीच्या दुकानात गेले. पंचवीस रंगांची तेलखडूंची पेटी मागितली.

"मुलगा कितवीत?" दुकानदार.

"माझ्यासाठी हवेत" हे वाक्य तोंडातून निघेना. पन्नाशीच्या बाईनं खडू स्वतःसाठी मागणं हे त्या काउंटरवर फटाके मागण्याइतकंच संशयास्पद वाटलं. "भाचीला," मी म्हणाले. त्याबरोबर त्याने भाचीला लागेल म्हणून रंगवायचं पुस्तक, खोडरबर आणि पऱ्यांचे स्टिकरही बांधून दिले. भाची सध्या एमबीए करतेय.

रंगवायचं पुस्तक मात्र निघालं मोठ्यांचं. 2015च्या सुमारास जगभर या पुस्तकांची लाट आली होती. पानभर वेलबुट्टी, मंडला म्हणजे गोलाकार नक्षी, मोरपिसं, आणि प्रत्येक घर तिळाएवढं. तेलखडूचं टोक त्यापेक्षा जाड, म्हणून मी दुसऱ्या दिवशी रंगीत पेन्सिली आणल्या. मग शार्पनर. मग प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या नेमक्या कुठल्या भागातून पाकळी दिसते हे शोधत मान वरखाली करणं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की मी चित्र रंगवत नाहीये, खातं जुळवतेय. बाहेरच्या वर्तुळात सोळा पाकळ्या, एक निळी, एक जांभळी, एक निळी, एक जांभळी. साडेअकराला शेवटच्या पाकळीपाशी पोचले तर निळीशेजारी निळी आली. फरक एका पाकळीचा! मी पहिल्यापासून टिक मारत तपासणी केली, चूक नवव्या पाकळीत सापडली, तिथपासून पुढच्या सगळ्यांवर व्हाइटनर लावला, तो वाळेपर्यंत फुंकत बसले आणि एक वाजता झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले.

नवरा इंजिनियर. ज्याचं मोजमाप होत नाही ते अस्तित्वात नाही, असं त्याचं साधं तत्त्व आहे. त्याने बीपीचं यंत्र आणि वही काढली. चित्राआधी 138/88. चित्रानंतर 146/92. त्याला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून त्याने स्वतःचं मोजलं. उत्तम निघालं. त्याचं नेहमी उत्तमच निघतं. त्याच्या वाटचंही माझ्याकडेच येत असावं.

"असं होता कामा नये," तो म्हणाला आणि पुरावा घेऊन आला. 2016 साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 39 मोठ्या माणसांना 45 मिनिटं स्केचपेन, माती, चिकटवायला कागद असलं सामान देऊन काय हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. सुमारे 75 टक्के लोकांमध्ये कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, कमी झालं होतं. "आणि ऐक, पूर्वी चित्रकला केलेली असण्या-नसण्याने काही फरक पडला नाही."

"उरलेले 25 टक्के?"

त्याने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. "त्यांचं वाढलं."

ते कोण होते हे शोधायला फिलाडेल्फियाला जायला नको. एलिमेंटरीला 'क' मिळालेले.

मग मी ठरवलं, तिळाएवढी घरं नकोत. मोकळं काहीतरी. वारली! एक त्रिकोण उलटा, एक सुलटा, टोकाला टोक, वर गोल डोकं, झाला माणूस. हे लहान मूलसुद्धा काढेल असं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच त्रिकोणांमुळे. त्यांच्या चित्रात तारपा वाजतो आणि भोवती माणसांचं वेटोळं असं फिरतं की बघणाऱ्याचा पाय हलावा. माझ्या चित्रातली माणसं डमरूंच्या दुकानात मालाची मोजणी चालल्यासारखी ओळीत उभी राहिली. नवऱ्याने लांबून बघून विचारलं, "वाळूची घड्याळं का?" 144/90.

सासूबाई तेवढ्यात दारातली रांगोळी आटपून आत आल्या. गेली पन्नास-साठ वर्षं त्या रोज ठिपके मांडतात, जोडतात आणि दुपारपर्यंत दूधवाला, पेपरवाला, मांजर मिळून ती पुसून टाकतात. त्यांचं बीपी कुणी विचारूच नये असं आहे. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, म्हणाल्या, "आणखी थोडी जागा आहे की कोपऱ्यात," आणि भाजी निवडायला गेल्या. टीका होती की प्रोत्साहन, हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

मध्यंतरी एकदाच जमलं, पण ते बेकायदेशीर होतं. वसुलीची आढावा बैठक. साहेब दोन तास बोलत होते आणि माझं पेन समोरच्या तक्त्यावर आपोआप फिरत होतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा 2009 चा प्रयोग आहे: 40 जणांना एक कंटाळवाणा फोनचा निरोप ऐकवला, त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार भरायला सांगितले, आणि त्या गिरगटणाऱ्यांच्या लक्षात 29 टक्के जास्त राहिलं. हे खरं असावं. कारण साहेबांनी मधेच "मॅडम, मागच्या तिमाहीचा थकीत आकडा?" असं विचारलं तेव्हा मी वर न बघता पैशांपर्यंत बरोबर सांगितला. साहेब खूश होऊन म्हणाले, "बघू तो तक्ता." तक्त्यातल्या प्रत्येक 2ला चोच आणि डोळा काढून मी त्याचं बदक केलं होतं. 8च्या आकड्यांना कान आणि मिशा देऊन मांजरं. बावीस लाखांच्या एका थकीत खात्यात दोन बदकं एकामागून एक पोहत निघाली होती, खाली पाण्याच्या रेघाही होत्या. तो तक्ता वरच्या कार्यालयात जायचा होता. साहेबांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "दुसरी प्रत काढा." त्या दिवशी बीपी काय होतं कोण जाणे, यंत्र घरी होतं.

परवा रविवारी मी हट्टाने तांब्या काढायला बसले. जुना हिशेब होता. देवघरातला तांब्या टेबलावर ठेवला, मागे ओढणीच्या चुण्या पाडल्या, मधली रेघ मारली. तासाभराने तांब्या पुन्हा उजवीकडे कलला. तेवढ्यात शेजारची पहिलीतली छोटी आली, माझ्या खुर्चीच्या दांडीवर हनुवटी टेकवून बघत राहिली.

"काकू, याला चक्कर आलीय."

"हो गं. पडतोय तो."

"मग झोपव ना." तिने कागद आडवा फिरवला, चपटी पिवळी कॉट काढली, तांब्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण ओढलं. मला हिरवा खडू देऊन म्हणाली, "तू सलाइन काढ." मी सलाइन काढलं. नळी वेडीवाकडी गेली, ती म्हणाली नळी अशीच असते. मग वांग्यांना नर्सच्या टोप्या लागल्या. मग बाहेर तांब्याच्या आईची रिक्षा. रिक्षावाल्याला सुटे पैसे हवे होते म्हणून नाणी काढली. नाण्यांचं टोटल जुळत नव्हतं, ते तसंच राहिलं. जेवण कुणी वाढलं आठवत नाही. ओढणीला तेलखडू लागला तो अजून गेलेला नाही.

नवरा पट्टा आणि वही घेऊन आला. "हात दे, वेळ झाली."

"आधी तांब्याचं," छोटी म्हणाली.

त्याने चित्र नीट पाहिलं. इंजिनियर माणूस. "अगं, तांब्याला हात कुठे असतात?"

"थांब ना काका, काढतोय," मी आणि ती एकदमच म्हणालो, आणि दोघींनी तपकिरी खडूला हात घातला.