एक नंबरचा कूलर म्हणे!

ही 'बेस्ट १० कूलर' छाप यादी लिहिणारी मंडळी मे महिन्यात एकदा तरी ग्वाल्हेरला येऊन राहिलीयेत का हो? एक दुपार? यांच्यातल्या एकानेही कूलरचा प्लग लावून बघितलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

झालंय काय, आत्याला कूलर घ्यायचाय. ती राहते दौलतगंजात, जुनं घर, दगडी पट्ट्यांचं छत, ते दिवसभर तापतं आणि रात्री बारापर्यंत खोलीत टेकवत नाही. खोली मोठी, खिडकी एकच पण दांडगी. आता नेटवर शोधलं तर वर काय येतं? आधी स्पॉन्सर्ड फोटोंची रांग, तिच्याखाली याद्या, आणि यादीत एक नंबरला टेबलाशेजारी ठेवायचा तो प्लॅस्टिकचा पर्सनल कूलर, टाकी वीस-बावीस लिटरची!! बाहेर ४५ डिग्री आणि लू चाललेली असताना एवढ्याशा पाण्यावर कोणाची रात्र निघणार आहे? खाली गुण लिहिलेत: आकर्षक डिझाइन, चाकं आहेत, बर्फ टाकायची सोय. आणि दोष काय, तर 'रंगांचे पर्याय कमी'. रंग! अरे मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं ते सांग, पंप जळला तर बाजारातला साधा टुल्लू बसतो का कंपनीचाच मागवून पंधरा दिवस घाम गाळत बसायचं ते सांग, बोअरच्या खाऱ्या पाण्याने पॅडवर पांढरा थर चढला की नवे पॅड केवढ्याला पडतात ते सांग. ते नाही. रंग.

दुसरी साइट उघडा, तिसरी उघडा, तीच मॉडेलं, तीच वाक्यं, फक्त क्रम खालीवर. आणि वर ठोकून दिलंय की मुंबई, चेन्नई, दिल्ली सगळीकडे बेस्ट! अहो, हवा कोरडी असली की पॅडमधलं पाणी उडतं आणि हवा गार होते, एवढंच तर कूलरचं शास्त्र आहे, दमट हवेत पाणी फारसं उडतच नाही, म्हणून तर आमच्याकडे पाऊस लागला की हाच कूलर नुसता चिकचिक करतो आणि आपण तो बंद करून पंखा लावतो. चेन्नईत हा काय करणार, कपडे ओले?

पण यांना काय त्याचं, यांचा धंदा कूलरचा नाहीच मुळी, लिंकचा आहे. त्या 'किंमत पहा' बटणाच्या मागे यांचा कोड असतो, तुम्ही दाबलं की ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तुम्ही कोणाच्या लिंकवरून आलात त्याची खूण, बसते आणि पुढे तुम्ही जे घ्याल त्यावर यांना टक्का. अ‍ॅमेझॉनची ही स्कीम १९९६ पासून चालू आहे, आणि तिथे क्लिक केल्यापासून २४ तासांची मुदत असते, म्हणजे कूलर बघायला गेलात, कूलर आवडला नाही आणि साबणाचा डबा घेऊन बाहेर पडलात तरी त्या यादीवाल्याचं कमिशन झालंच. मग त्याला कूलर चांगला असण्याशी काय घेणंदेणं? त्याला फक्त तुम्ही बटण दाबायला हवंय. पानाच्या तळाशी फिक्कट करड्या अक्षरात एक ओळ असते, 'आमच्या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला मोबदला मिळू शकतो', ती वाचायला आत्याला चष्म्यावर भिंग धरावं लागेल. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे साइटवर ग्राहकाला गंडवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्धचे, नियम काढले, १३ प्रकार दिलेत, त्यात जाहिरात लेखाच्या वेषात आणून बसवणं हाही आहे. मग?

आता खरी चीड आणणारी गोष्ट. आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मार्च लागला की देशी कूलरसाठी पत्रे ठोकल्याचा आवाज सुरू होतो. पत्र्याची बॉडी, तीन बाजूंना लाकडाच्या तंतूंचे (घास) नाहीतर वाळ्याचे (खस) पॅड, आत मोठा एग्जॉस्ट पंखा, खिडकीच्या मापाचं तोंड हवं तर कारागीर समोर बसून कापून देतो, पुढच्या वर्षी बुड गंजलं तर तोच नवं बसवून देतो. आवाज करतो, कबूल. दिसायला देखणा नाही, तेही कबूल. पण आमच्या उन्हाळ्यात मोठ्या खोलीला हाच पुरा पडतो, इथलं शेंबडं पोरही सांगेल. तो एकाही यादीत आहे का? नाही. दहा नंबरला नाही, शंभराव्याला नाही. कारण त्याला लिंकच नाही! ज्याच्यावर टक्का मिळत नाही ती वस्तू या लोकांच्या लेखी जगात अस्तित्वातच नाही. हे लोक दहामधला बेस्ट निवडत नाहीत हो, ज्याच्यावर कमिशन आहे ते दहा आधी गोळा करतात आणि मग त्याला बेस्ट म्हणतात. आणि आत्या मला फोनवर म्हणते, "अरे, एवढं एक नंबरला आलंय तर काही बघूनच दिलं असेल ना रे त्यांनी?" काय सांगणार तिला.

मग म्हटलं चला, निदान भाव तरी कळेल, म्हणून भाव तुलना करणाऱ्या एका साइटवर गेलो. तिथे हिरव्या अक्षरात 'सर्वात कमी ८,४९९'. दाबलं, तर दुकानाच्या पानावर ९,९९०. ८,४९९ कधी, तर अमुक बँकेचं क्रेडिट कार्ड असेल आणि जुना कूलर परत दिलात तर. बरं, पिनकोड टाकला ४७४००१, तर 'या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही'!! मग तुलना कशाची केलीत? आणि स्टार बघून घ्यावं म्हटलं तर कूलरच्या खाली अर्धे रिव्ह्यू कुठल्यातरी टेबल फॅनचे, 'वारा चांगला लागतो, क्लिप मजबूत आहे'. कूलरला क्लिप!

बरं, या भाव तुलनावाल्यांचीही एक बाजू आहे, ती सांगायला हवी. इंग्लंडात एका नवरा-बायकोने २००६ मध्ये फाउंडेम नावाची अशीच साइट काढली, थोड्याच दिवसांत ती गूगल सर्चमध्ये तळाला फेकली गेली, त्यांनी २००९ मध्ये युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी संस्थेकडे, तक्रार केली. २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरो दंड झाला, का तर स्वतःची शॉपिंग सेवा वर दाखवून दुसऱ्यांच्या साइट खाली दाबल्या म्हणून, आणि त्यावरचा शेवटचा निकाल लागायला २०२४ उजाडलं, तोवर फाउंडेम कधीच बंद पडलेली. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये सर्चमधल्या पक्षपातावरून गूगललाच १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. म्हणजे वर कोण दिसणार हे ठरवणाऱ्याचंच स्वतःचं दुकान, आणि त्याच्या खाली जे रांगेत उभे आहेत त्यांचं प्रत्येकाचं कमिशन, या सगळ्यात कूलर घेणारी बाई कुठेच नाही. फाउंडेमबद्दल मला वाईट वाटतं, खरंच. पण मला ८,४९९ दाखवणाऱ्याबद्दल नाही वाटत.

आता लोक सांगतात, १९१५ ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाइन आहे. लावतो की. पण कोणाच्या नावाने ओरडू? यादी लिहिणाऱ्याचं नाव 'टीम'. तुलनावाला म्हणतो किंमत दुकानाची, आमची जबाबदारी नाही. दुकान म्हणतं आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, माल विक्रेत्याचा. विक्रेत्याचं नाव असं की तीन अक्षरं आणि पुढे 'एंटरप्रायजेस', पत्ता कुठल्यातरी गोदामाचा. तिकडे आत्याचा फोन येतोय परत, तिला आता तो बर्फवालाच हवाय, शेजारच्या काकूंनी पण तोच एक नंबरला बघितला म्हणे.