नगरसेवक नकोत म्हणे!

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते, तरी कुणाचं काही अडलं नाही, प्रशासकच बरे होते, असं चांगली शिकलेली मंडळी ठासून सांगतात. पोलंडमधल्या क्राको शहरात बसून हे वाचलं की डोकं फिरतं.

या शहराची सनद 5 जून 1257 ची. 1241 मध्ये मंगोलांनी गाव जाळलेलं, तिजोरीला माणसं हवी होती. ड्यूक बोलेस्लावने मॅग्डेबर्ग या जर्मन शहराचा नगर-कायदा लागू केला आणि वसाहतीचं काम गेडको, याकोब, डिटमार या तिघांवर सोपवलं. येणाऱ्यांना 6 वर्षं करमाफी, नंतर दर भूखंडामागे अर्धा लोट (वजनाचं जुनं माप) चांदी. तिघांना वंशपरंपरेने वुइटपद, म्हणजे नगरप्रमुखाचं पद, आणि दर सहावा भूखंड. (आपल्याकडे पेठ वसवताना करमाफीचा कौल आणि शेटेपण, म्हणजे पेठेच्या प्रमुखाचं वतन, द्यायचे, तेच गणित.) रीनेकची, म्हणजे मुख्य चौकाची, बाजू सुमारे 200 मीटर, सगळं काटकोनात. मारियात्स्की चर्च आणि ग्रोद्झ्का रस्ता तेवढे तिरके, कारण ते आखणीआधीचे. खटले वुइट आणि लावनिक (न्यायपंच) चालवत. निवाडा अडला तर मॅग्डेबर्गला विचारत. काझिमिर राजाने 1356 मध्ये इथल्या वावेल किल्ल्यावरच वरचं न्यायालय काढून ती वाट बंद केली.

बिघडलं ते वंशपरंपरेमुळे. वुइटच छोटा सरदार होऊन बसला. 1311 मध्ये वुइट आल्बर्टने बंड केलं, 1312 मध्ये तेव्हाचा ड्यूक वुआदिस्वाव वोकिएतेकने ते मोडलं. वंशपरंपरागत वुइटपद गेलं, शहराच्या कौन्सिलचे सदस्य नेमण्याचा हक्क त्याने घेतला. मतदान आधीही नव्हतं, हे मान्य. पण बंडखोर शहराचीसुद्धा कौन्सिल त्याने रिकामी ठेवली नाही. आपण काय बंड केलं होतं?

‘बाहेरचे आले, शहर बिघडलं’ म्हणणाऱ्यांना सनदेतलं एक कलम वाचून दाखवावंसं वाटतं. खेड्यात राहणाऱ्या पोलिश माणसाला नागरिक करून घ्यायचं नाही, असं वुइटांनी कबूल केलं होतं! कारण साधं: कुळं शहरात पळाली तर ड्यूकची आणि चर्चची शेतं कसणार कोण? म्हणून पोलंडच्या तेव्हाच्या राजधानीत नागरिकत्व मिळालं ते मुख्यतः जर्मन बोलणाऱ्यांना. इथल्या लोकांसमोर मात्र हे जपून बोलावं लागतं.

आज क्राकोच्या रादा मियास्तात, म्हणजे नगर परिषदेत, 43 जागा आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या आमच्यासारख्यांना त्यात मत नाही, पीट (आयकर) मात्र दरवर्षी भरायचा. पुण्याच्या यादीत नाव असलं तरी मत द्यायला तिथेच जावं लागतं, आणि निवडणूक होती जानेवारी 2026 मध्ये, तेव्हा तिकिटं महाग असतात.