मोकाची लाइट लागली नाही म्हणून भिंती फोडू नका

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की मोका अडॅप्टरची (टीव्हीच्या गोल केबलवरून, म्हणजे कोॲक्सवरून, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत इंटरनेट नेणारा डबा) कोॲक्सची लाइट लागत नसेल तर केबल जुनी आहे, सगळी आरजी ६ (नवीन प्रकारची कोॲक्स) करून घ्या, सिग्नल कमी पडला तर अँप्लिफायर टाका, आणि तो बोटाएवढा फिल्टर फक्त शेजाऱ्यांपासून सेफ्टीसाठी असतो, नसला तरी चालतं. हे वाचून माझ्या न्यू जर्सीतल्या आतेभावाने नवीन वायरिंगचं कोटेशनच मागवलं, म्हणून लिहितोय.

केबलचं आधी. जुनी आरजी ५९ सुद्धा घरातल्या घरात बहुतेक वेळा चालते. दोन्ही अडॅप्टर एका खोलीत आणा, हातभर कोॲक्सने थेट एकमेकांना जोडा. लाइट लागली म्हणजे अडॅप्टर ठीक आहेत, घोळ मधल्या वाटेत आहे. मग बेसमेंटमध्ये जा. तिथे कधीकधी त्या खोलीची वायर नुसती लोंबकळत असते, कशालाच जोडलेली नसते! जोडलेली असेल तर स्प्लिटरवर (एक लाइन अनेक खोल्यांना वाटणारा डबा) काय छापलंय ते वाचा. जुन्यांवर ५-१००० मेगाहर्ट्झ असतं, आणि मोका २.५ चालतं साधारण ११२५ ते १६७५ मध्ये, म्हणजे टीव्ही मस्त दिसतो आणि मोका त्याच स्प्लिटरवर अडकतं. मोकासाठीचा स्प्लिटर घ्या, लागतील तेवढ्याच पोर्टचा, उरलेल्या पोर्टवर ७५ ओहमची टोपी (टर्मिनेटर) लावा, कनेक्टर नीट आवळा.

अँप्लिफायरचा सल्ला तर उलटा पडतो. साधा अँप्लिफायर बाहेरून येणारा सिग्नल वाढवून आत देतो, पण मोकाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं असतं आणि ती वाट तो बंद करू शकतो. लावायचाच असेल तर मोका बायपासवाला, म्हणजे मोकाची वाट मोकळी ठेवणारा, बघून घ्या.

फिल्टरचं अर्धं खरं आहे. तो मोका घराबाहेर जाऊ देत नाही, पण तोच सिग्नल परत आत ढकलतो, त्यामुळे खोल्यांमधलं कनेक्शन सुधारतं. जागा मात्र एकच, लाइन घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी. अडॅप्टरच्याच वायरवर लावलात तर मोका तिथेच मेलं. डॉक्सिस ३.१ (केबल इंटरनेटचं एक स्टँडर्ड) मोडेम १२१८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, तो मोकामुळे अडखळत असेल तर त्याच्या तोंडाशी अजून एक फिल्टर लावा, फक्त त्या मोडेममध्येच मोका चालू नाही ना एवढं बघून.

हो, त्याच कोॲक्सवर सॅटेलाइट डिश असेल तर गोष्ट वेगळी, फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येतात, तिथे हे जमत नाही.

आतेभावाकडे शेवटी निघाला जुना चार तोंडांचा स्प्लिटर. दोन तोंडांचा मोकावाला लावला आणि लाइट लागली. आता म्हणतो स्पीड ९४० एमबीपीएसच्या वर जात नाही, केबलच जुनी. अरे बाबा, तुझ्या लॅपटॉपचा पोर्ट १ गिगाबिटचा आहे, तो एवढाच देणार.