अंतराळात जोर-बैठका का पुरत नाहीत?

नमस्कार दादा,

मागच्या लेखावर तुम्ही सांगलीहून लिहिलंत की, जिथे वजनच नाही तिथे व्यायाम कसला, ट्रेडमिलवर पळणं हा कॅमेऱ्यापुरता देखावा. आणि अंग कमवायचंच तर आमच्या तालमीतल्या पोरांसारखे जोर-बैठका माराव्यात, महागडी यंत्रं कशाला? देखाव्याचा आरोप मला अजिबात मान्य नाही. जोर-बैठकांचं मात्र नीट बोलू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बैठकांनी मांड्या भरून येतात, कारण दरवेळी स्वतःचं सत्तर-ऐंशी किलोचं अंग वर उचलावं लागतं. अंतराळस्थानकात गुडघे वाकवून सरळ केले की माणूस सुटून तरंगत निघतो. पाय पट्ट्यात अडकवले तरी उचलायला काही नसतं; हजार बैठका मारल्या तरी मांडीला पत्ता लागत नाही. (४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपतं असं मात्र समजू नका. तिथेही ते इथल्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, त्यामुळे कुणाचा भार कशावरच येत नाही.)

म्हणून भार तयार करावा लागतो. २००८ मध्ये वर नेलेल्या 'एरेड' यंत्रात निर्वात नळकांडी आहेत. दांडा खांद्यावर घेऊन उठलं की आतला दट्ट्या त्या निर्वाताविरुद्ध ओढावा लागतो. भार २७० किलोपर्यंत वाढवता येतो, आणि तो ठरवताना अंगाचं हरवलेलं वजनही जमेस धरतात.

ट्रेडमिलवर खांद्या-कंबरेचे पट्टे आणि ताणलेले दोर माणसाला खाली खेचून धरतात. पट्टे काचतात. घाम ओघळत नाही, अंगावरच थर धरून बसतो, तो टॉवेलने टिपायचा. अशा अवस्थेत सुनीता विल्यम्स एप्रिल २००७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर ४ तास २४ मिनिटांत पळाल्या. आमच्या साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्या कुणालाही विचारा, देखाव्यासाठी कुणी चार तास पळत नाही.

एरवी तिथे कुणी चालतच नाही. हाताने कठडे धरून सरकायचं, थांबायचं तर पाऊल कठड्याखाली अडकवायचं. तळवे मऊ पडतात आणि घट्टे पावलाच्या वरच्या बाजूला येतात!

व्यायाम टाळला तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. १९७० मध्ये सोयुझ-९ च्या अरुंद यानात १८ दिवस काढून आलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव्ह यांना उतरल्यावर धड उभंही राहता येईना. आज सहा-सहा महिने राहणारे रोज सुमारे दोन तास घाम गाळतात, ते याचसाठी.

तुमच्या तालमीतली एक गोष्ट मात्र वरही चालेल: जोडीदाराच्या ताकदीविरुद्ध लावलेला जोर. त्याला वजन लागत नाही. दंड, पाठ त्याने टिकतील. पण पळताना टाचेपासून खुब्यापर्यंत जो दणका बसतो तो त्यातून मिळत नाही, आणि पायाच्या हाडांना तोच हवा असतो.