‘लहान आहे, विसरून जाईल’ म्हणणाऱ्यांसाठी

घरच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. तीन वर्षांखालच्या मुलाला काही आठवत नाही, म्हणून घरातल्या भांडणांचं फार मनावर घेऊ नका. धाकात वाढलेलं मूल कणखर होतं. आणि मेंदू तिसऱ्या वर्षीच बनून जातो, नंतर काही करून उपयोग नाही. खाली अंगठ्यांची रांग. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांच्या विरुद्ध आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्हींतून निघतं तेवढं एकच, की आपण काही करायला नको!

आठवत नाही, हे खरंच. घडलेलं गोष्टीसारखं साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या वयात कच्चा असतो. पण धोका टिपणारा अमिग्डला त्याच्या आधीच कामाला लागलेला असतो. आमच्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा आहे. स्टीलचं झाकण खाली पडलं की बाकीची पोरं वळून बघतात आणि पुन्हा खेळायला लागतात. हा टेबलाखाली जातो, दोन्ही हात डोक्यावर धरून. का, ते त्यालाही सांगता येत नाही. मारणारा माणूस घरातून जाऊन दोन वर्षं झाली.

कणखरपणाचं म्हणाल तर गुडघा फुटला, इंजेक्शन टोचलं, तेवढ्याने काही बिघडत नाही. कुणीतरी उचलून घेतं, ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढतं तसं उतरतं. रोजची भीती आणि उचलून घेणारं कुणीच नाही, तेव्हा शरीर कायम सावध राहतं आणि लक्ष देणं, राग आवरणं अवघड होऊन बसतं. असं मूल कधीकधी अगदी गप्प असतं. त्यालाच लोक ‘किती गुणी’ म्हणतात.

राहिला तिसऱ्या वर्षाचा शिक्का. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत अनाथालयं भरून गेली होती. 2000 नंतर बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी अशा संस्थांतली 136 बाळं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक-कुटुंबांत दिली. साडेचार वर्षांची झाल्यावर संस्थेच्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी 73 होता, कुटुंबांत गेलेल्यांचा 81. आपल्याच आईबापांकडे वाढलेल्या मुलांचा मात्र 109. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे उशीर महागात पडतो, हे मान्य. पण ‘उपयोग नाही’ हे साफ खोटं.

करायचं काय? माणसं तीच, वेळा त्याच, बदल असेल तर आधी सांगायचं. ‘तेव्हा काय झालं होतं, सांग’ म्हणून खोदायचं नाही. गरज वाटली तर बालमानसतज्ज्ञ, आणि मूल आजही मार खात असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

आमचा हा मुलगा पोळीचे तुकडे खिशात लपवायचा. रागावलो नाही. त्याच्या नावाचा एक डबा कपाटात ठेवला, त्यात कायम अर्धी पोळी. पहिले काही आठवडे तो दिवसातून सहा-सात वेळा उघडून बघायचा. आता सकाळी आल्या आल्या एकदा बघतो, झाकण लावतो आणि खेळायला जातो.