कॉमेडियन बिल मारला ‘दुसऱ्या दिवशी हाकलला’ म्हणे! त्या फिरणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

ग्रुपाग्रुपांत एक लांबलचक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांकडे आला असेल. मजकूर साधारण असा: अमेरिकेत बिल मार नावाच्या कॉमेडियनने ९/११ नंतर टीव्हीवर अतिरेक्यांना शूर म्हटलं, दुसऱ्याच दिवशी सरकारने त्याचा शो बंद पाडला, पुढची दहा वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नाही, मग साहेबांना अक्कल आली आणि डाव्यांना लाथ मारून ते ट्रम्पच्या पंगतीला जाऊन बसले. खाली दोन पार्ट्या. एक म्हणते बघा अमेरिकेतलं स्वातंत्र्य कसलं पोकळ, दुसरी म्हणते बघा कसा वठणीवर आला. दोघांनाही मेसेज सोयीचा आहे त्यामुळे तपासायची गरज कुणालाच वाटत नाही.

यातला माणूस खरा आहे आणि जेवणही खरं आहे. मधलं सगळं गडबड.

आधी ते ‘शूर’ प्रकरण बघू. मारचा तेव्हाचा शो म्हणजे ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’. १९९३ला कॉमेडी सेंट्रल या केबल चॅनलवर सुरू झाला, १९९७ला एबीसी या मोठ्या टीव्ही नेटवर्कने उचलला आणि रात्री बाराच्या सुमाराला लावला. चार पाहुणे, त्यात एखादा खासदार, शेजारी एखादी सिनेमातली नटी, आणि मध्ये हा काडी लावायला. १७ सप्टेंबर २००१, म्हणजे हल्ल्यानंतर फक्त सहा दिवसांनी हा शो परत सुरू झाला. चारपैकी एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती, कारण बार्बरा ओल्सन ही नेहमीची पाहुणी याच शोच्या शूटिंगसाठी लॉस एंजेलिसला निघाली होती आणि तिचं विमान पेंटॅगॉनवर आदळवलं गेलं. हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही, आणि हे माहीत नसेल तर त्या रात्रीची हवा काय होती ते कळतच नाही.

त्या दिवशी पाहुण्यांत दिनेश डिसूझा होता. हा आपल्या मुंबईत जन्मलेला, घरचे लोक मूळचे गोव्याचे, तिकडे जाऊन कट्टर उजवा लेखक झाला. बुश आणि बाकी पुढारी हल्लेखोरांना भेकड म्हणत होते, डिसूझा म्हणाला हे काही पटत नाही, जी माणसं ठरवून मरायला तयार झाली ती भेकड कशी? विषय त्याने काढला! मारने हो म्हटलं आणि वर स्वतःची भर घातली की दोन हजार मैलांवरून क्रूझ मिसाइल सोडणारे आपण भेकड, विमान इमारतीवर आदळेपर्यंत आत बसून राहणं याला काहीही म्हणा पण भेकडपणा म्हणता येणार नाही. ‘शूर’ नाही म्हणाला, कौतुक तर अजिबातच नाही. रश लिंबॉसारख्या उजव्या रेडिओवाल्याने सुद्धा म्हटलं होतं की जिवाची भीती नसणं वेगळं आणि नैतिक भेकडपणा वेगळा, त्यामुळे मारच्या बोलण्यात तथ्य आहे. मिसाइलचा टोमणा सैनिकांना नव्हता, धोरण ठरवणाऱ्यांना होता (१९९८ला क्लिंटनने अफगाणिस्तान आणि सुदानवर अशीच मिसाइलं सोडलेली) आणि तसा खुलासा करून त्याने माफीही मागितली. अर्थात ढिगाऱ्याखालून माणसं काढणं चालू असताना ‘भेकड आपण’ असं बोलणाऱ्यावर लोक भडकणार नाहीत तर काय होणार. मुद्दा बरोबर असला तरी वेळ भयंकर चुकली, असं माझं मत.

आता ‘दुसऱ्या दिवशी सरकारने बंद पाडला’. हे सगळ्यात जास्त शेअर होणारं वाक्य आणि सगळ्यात चुकीचं. झालं असं की ह्यूस्टनमधल्या एका रेडिओवाल्याने श्रोत्यांना जाहिरातदारांकडे तक्रार करा म्हणून सांगितलं, आणि फेडेक्स आणि सिअर्सनी जाहिराती काढल्या. मग काही स्थानिक स्टेशनांनी शो दाखवणं थांबवलं, त्यात राजधानी वॉशिंग्टनचं स्टेशनही होतं, सिंक्लेअर कंपनीचीही होती. तिकडची पद्धत माहीत नसेल तर हे लक्षात येत नाही. एबीसी कार्यक्रम पुरवते, पण बऱ्याच शहरांतली स्टेशनं दुसऱ्याच कंपन्यांच्या मालकीची असतात आणि ती नको म्हणू शकतात. पेपर छापून आला तरी गावातल्या एजंटाने गठ्ठाच सोडला नाही तर जे होईल तेच. तेवढी शहरं गेली की प्रेक्षक गेले, प्रेक्षक गेले की जाहिरातीचा भाव गेला, आणि मग चॅनलवाला पेन घेऊन हिशोबाला बसतो.

सरकार यात अगदीच साधू होतं असंही नाही हां. २६ सप्टेंबरला व्हाइट हाऊसचा प्रवक्ता आरी फ्लायशर याला मारबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला की लोकांनी आपण काय बोलतो, काय करतो ते सांभाळावं. नंतर अधिकृत लेखी नोंदीतून त्यातला नेमका ‘काय बोलतो’ हाच भाग गायब झाला, विचारल्यावर म्हणे टाइप करताना राहिला. दबाव होता, पण शो बंद करण्याचा हुकूम कुणी काढला नाही.

आणि शो दुसऱ्या दिवशी बंद झालाच नाही! पुढे नऊ-एक महिने चालला. मार्च २००२मध्ये एबीसी रात्रीचा स्लॉट द्यायला डेव्हिड लेटरमन या रात्रीच्या शोवाल्याच्या मागे लागलेली होती, तो सीबीएस हे दुसरं नेटवर्क सोडून आला नाही ते सोडा, पण रात्रीची सगळी मांडणी बदलायची हे त्यांच्या डोक्यात चालूच होतं. २००२च्या मध्यावर मारचा शो गुंडाळला आणि जानेवारी २००३ला तिथे जिमी किमेल हा दुसरा कॉमेडियन आला. रातोरात हाकलला असं सांगितलं की गोष्ट भारी वाटते, पण असं हळूहळू, पैशाच्या वाटेने गुदमरवणं मला तरी जास्त भीतीदायक वाटतं, कारण त्यात बोट दाखवायला कुणी सापडत नाही.

गंमत म्हणजे याच किमेलला एबीसीने १७ सप्टेंबर २०२५ला सस्पेंड केलं. तारीख बघा, मारच्या त्या एपिसोडला बरोबर २४ वर्षं. यावेळीही स्टेशनवाल्यांत सिंक्लेअर होतीच, जोडीला नेक्सस्टार ही तसलीच स्टेशनांची कंपनी, आणि सरकारी नियामकाचा अध्यक्ष तर उघड धमकावत होता, म्हणजे २००१पेक्षा एक पायरी पुढे. पण किमेल आठवड्याच्या आत परत आला. मेसेजवाल्याला सरकारी दडपणाचंच उदाहरण हवं होतं तर हे जास्त बरं होतं.

दहा वर्षं बेकार? २१ फेब्रुवारी २००३ला एचबीओवर ‘रिअल टाइम’ सुरू झाला. म्हणजे वर्ष सुद्धा गेलं नाही, आणि त्या मधल्या काळात एक पुस्तक आलं, पुढे २००३लाच ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची नाट्यनगरी) एकपात्री शो केला त्याला टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. एचबीओ पैसे भरून बघायचं चॅनल, जाहिराती नाहीत, त्यामुळे काढून घ्यायला फेडेक्सच नाही. म्हणून तर तो तिथे वीस वर्षांहून जास्त टिकला, नाहीतर याच्या तोंडाने एबीसीवर दर सहा महिन्यांनी खटका उडाला असता.

राहिलं ‘पलटी मारली’. जेवण झालं ३१ मार्च २०२५ला, किड रॉक या गायकाने जुळवून आणलेलं. जाताना मार स्वतःबद्दल ट्रम्पने वापरलेल्या शिव्यांची छापील यादी घेऊन गेला आणि त्यावर ट्रम्पची सही घेऊन आला. नंतर शोमध्ये म्हणाला की खासगीत माणूस सभ्य वागला, ऐकून घेत होता. यावर लॅरी डेव्हिड या कॉमेडियनने न्यूयॉर्क टाइम्समध्ये हिटलरसोबतच्या जेवणाचा उपहास लिहून त्याची यथेच्छ काढली, आणि मला वाटतं ती काढायलाच हवी होती, एका जेवणात गोड बोलला म्हणून राजकारण बदलत नसतं. पण भाबडेपणा आणि पक्षांतर एक नव्हे. याच मारने २०१२ला ओबामाच्या बाजूच्या गटाला १० लाख डॉलर दिले, २०१८ला सिनेटसाठी डेमोक्रॅट्सना आणखी १० लाख. २०१३ला ट्रम्प ओरांगउटानचा (एक वानर) मुलगा नाही हे सिद्ध केलं तर ५० लाख देतो म्हणाला, ट्रम्पच्या वकिलाने खरोखर जन्मदाखला पाठवला, वर कोर्टात केस टाकली आणि दोनेक महिन्यांत गुपचूप मागे घेतली!

धर्माचं पण तसंच. बाप आयरिश कॅथलिक, आई ज्यू, बापाने संततिनियमनावरून चर्चशी बिनसल्यावर पोरांना नेणं बंद केलं तेव्हा हा १३ वर्षांचा. २००८च्या ‘रिलिजुलस’ या त्याच्या माहितीपटामध्ये ख्रिश्चन, ज्यू, मुसलमान सगळ्यांनाच धरलंय. २०१४ला इस्लामवरून बेन ॲफ्लेक या नटाशी जे वाजलं ते आपल्याकडच्या उजव्यांना फार आवडतं, ख्रिश्चनांवरचे तासन् तास मात्र त्यांनी बघितलेले नसतात. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी त्याचं भाषण रद्द करा म्हणून अर्ज केला, विद्यापीठाने केलं नाही आणि तो बोलून आला.

त्याला नावं ठेवायला कारणं कमी आहेत असं नाही. जून २०१७मध्ये सिनेटर बेन सॅसशी बोलताना काळ्या लोकांसाठीची ती शिवी सहज मारून गेला, एचबीओने निषेध केला, पुढच्या आठवड्यात समोर आइस क्यूब या काळ्या रॅपरला बसवून ऐकून घ्यावं लागलं. सप्टेंबर २०२३ला लेखकांचा संप चालू असताना लेखकांशिवाय शो सुरू करतो म्हणून जाहीर केलं आणि चहूबाजूंनी टीका झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली. पहिल्या प्रकरणात काम गेलं नाही, दुसऱ्यात माघार घ्यावी लागली, आणि मेसेजात या दोन्हींवर एक ओळ नाही.