उचल स्वखुशीची, मग सक्ती कुठली?

कापसाचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्यापारी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. सार असं: कंपन्यांकडून सक्तीच्या मजुरीचे अहवाल मागण्याचं खूळ शेतकऱ्याच्या मुळावर येणार, खानदेशात कुणाला बांधून राबवत नाहीत, मजूर स्वखुशीनं उचल (कामाआधीचे आगाऊ पैसे) घेतात, मोठ्या कंपन्यांच्या अहवालात तक्रारी शून्य आहेत, आणि हे सगळं मुळात चीनला अडवायला आहे.

शेतकऱ्याचं आधी, कारण ते लवकर संपतं. ब्रिटनचा २०१५चा, असे अहवाल मागणारा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा ३ कोटी ६० लाख पौंडांपासून पुढच्या उलाढालीला लागतो, ऑस्ट्रेलियाचा २०१८चा १० कोटी डॉलरांपासून. आपल्याकडे सेबीचा बीआरएसआर (कंपनीची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी सांगणारा) अहवाल बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांसाठी आहे. चोपडा-यावलचा कापूसवाला यात कुठे बसतो? जाच होतो तो जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्याला. परदेशी ब्रँड सूतगिरणीला विचारतो, गिरणी जिनिंगला, आणि शेवटी एका हमीपत्रावर सही-शिक्का मारून विषय मिटतो. कागद वाढले, ही तक्रार खरी आहे.

आता स्वखुशी. खानदेशातल्याच धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. तोडीचे पैसे उचलीतून वळते होतात, हिशेब हंगामाअखेर, आणि बाकी निघाली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. अंगठा स्वखुशीनं दिला, मान्य. पण मधेच काम सोडून दुसरीकडे जाता येतं का? १९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा नेमका इथेच बोट ठेवतो: उचलीच्या बदल्यात हवं तिथं जाण्याची किंवा दुसरं काम धरण्याची मोकळीक गेली, की ती वेठबिगारी. हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजूर म्हणाला, तर तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं कर्ज देणाऱ्यावर. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय १९८२ साली आणखी पुढे गेलं. गरिबीच्या रेट्यानं किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं, हीसुद्धा घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी ठरली. दोरखंड लागत नाही.

प्रत्येक उचल वेठबिगारी नसते. लग्नाला घेतलेली उचल फेडून मोकळी झालेली माणसंही असतात. म्हणूनच तर किती दिली, कुणी दिली, फिटली का, हे विचारावं लागतं. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे.

तक्रारी शून्य, हे तर सगळ्यांत पोकळ. गावात दवाखानाच नसेल तर रजिस्टरात रोगीही शून्यच असणार. ठेकेदारानं आणलेल्या मजुराला कंपनीचं नावही ठाऊक नसतं, तो तक्रार कुणाकडे करील? शिवाय जिनिंगच्या आवारात दहा गावांचा कापूस एकाच गंजीत पडतो. तिथून निघालेली १७० किलोची गाठ कुठल्या शेतातली, हे मालकालाही सांगता येत नाही. मग मुंबईत बसून अहवाल लिहिणाऱ्याला काय सांगता येणार? बीआरएसआरमध्ये पुरवठादारांच्या तपासणीचा प्रश्न ऐच्छिक भागात आहे. ब्रिटिश कायद्यात तर ‘आम्ही काहीही पावलं उचललेली नाहीत’ एवढं लिहूनही कंपनी सुटते! तेव्हा अहवालातून कंपनीनं कुठवर पाहिलं एवढंच कळतं. बहुतेकदा नजर सूतगिरणीच्या फाटकाशीच थांबलेली असते. वाचायचं ते हे.

राहिला चीन. अमेरिकेचा २०२१चा कायदा शिनजियांगमधल्या मालाबद्दल आहे, खरंच. पण युरोपीय संघाचा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय आणि तो देश पाहत नाही, कंपनीचा आकारही पाहत नाही. सक्तीच्या मजुरीतून आलेला माल तिथं विकता येणार नाही. त्याआधी आपल्या जिनिंगवाल्यांनी ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्यायला सुरुवात करावी: मजुरांची यादी, प्रत्येकाच्या नावावरची उचल, आणि मजुरी हातात किंवा खात्यावर पोचल्याची नोंद.